फॉर्म फीड
फॉर्म फीड : चालू पान सोडून पुढच्या पानाच्या माथ्याशी जाण्याचा प्रिंटरला दिलेला आदेश, आस्की संकेतावलीत याचा क्रमांक १२. उदाहरणार्थ, सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारातली बिले घ्या. ती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, दोन्ही कडांना भोके असलेल्या सलग घडीच्या कागदावर निघत. प्रिंटरच्या सुया शाईच्या फितीवर आपटत, त्यामुळे खालच्या कार्बन प्रतीही त्याच फटक्यात उमटत. इंचाला ६ ओळी या हिशेबाने ११ इंची पानात ६६ ओळी बसतात. प्रिंटरमध्ये पानाची लांबी चुकीची भरलेली असली, तर पुढचे बिल नेमके घडीवर येई. अशा प्रिंटरचे ‘८० कॉलम’ म्हणजे एका ओळीत मावणारी अक्षरे : इंचाला १० प्रमाणे ८ इंच.