हिवताप : रक्तातील संरक्षण आणि लसीचे लक्ष्य

तापीकाठी, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या बऱ्हाणपूरला हिवताप परका नाही. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत या रोगाचा परजीवी पाहिला. तरी एक कोडे उरलेच. जेथे हा ताप ठाण मांडून असतो तेथे मुले दगावतात, प्रौढ मात्र बहुधा तरतात. हे कसे?

उत्तर १९६१ साली मिळाले. कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियातील प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी मुलांना टोचली. मुलांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले. संरक्षण रक्तातच होते. परंतु त्याचे मोल वर्षानुवर्षांचा ताप आणि कित्येक बालकांचे प्राण हे होते. ते मोल न देता संरक्षण हवे, तर प्रतिपिंडांनी परजीवीच्या कोणत्या प्रथिनाला धरावे, हे शोधणे भाग होते.

डासाच्या लाळेतून शरीरात शिरणाऱ्या परजीवीच्या आवरणावरील प्रथिन हे असे एक लक्ष्य ठरले. त्यावर बेतलेल्या, ऑक्सफर्डने घडविलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या आर-२१ लसीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिफारस केली. पुण्याची लस आफ्रिकेतील बालकांपर्यंत पोहोचली, याचा अभिमान रास्तच होय.

तथापि ती फाल्सिपेरम या जातीविरुद्धच आहे. भारतात व्हायवॅक्सही आहे. तो तांबड्या पेशीला चिकटतो तो प्रथिनाचा भाग चेतन चिटणीस आणि लुई मिलर यांनी १९९४ साली दाखविला. लक्ष्य हाती आले, लस अद्याप नाही. या इतिहासाचे आपल्या वाट्याचे प्रकरण, माझ्या मते, अजून लिहावयाचेच आहे.