नकाशातल्या लाल रानाची कुळकथा

उपग्रहाच्या चित्रात पेंचचे जंगल हिरवे नसते, लाल असते. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागाही लाल, अंबाझरीचा तलाव जवळजवळ काळा आणि पऱ्हाटी उपटून रिकामे झालेले वावर निळसर करडे. नागपुरात नकाशे करणाऱ्यांना या रंगांचे नवल वाटत नाही, पण ही रीत पडली ती शेतीसाठी नव्हे, शत्रूची लपवाछपवी उघडी पाडण्यासाठी.

रीतीचे मूळ पानात आहे. पानातले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते. हिरवा थोडा परततो, फार तर दहा-पंधरा टक्के, आणि तेवढ्यावर आपण पानाला हिरवे म्हणतो. तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश हरितद्रव्य शोषतच नाही. तो पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर पुन्हा पुन्हा वळतो आणि जवळजवळ निम्मा बाहेर फेकला जातो. म्हणजे डोळ्याला अवरक्त दिसत असते, तर तोच पानाचा खरा रंग ठरला असता. पाणी हा प्रकाश गिळते. विदर्भातली काळी माती सगळ्याच रंगांचा प्रकाश कमी परतवते आणि ओली झाली की आणखी कमी.

तांबड्यापलीकडे काही आहे हे विल्यम हर्शेल यांना 1800 मध्ये कळले. लोलकाने पसरवलेल्या रंगपट्ट्याच्या बाहेर ठेवलेल्या तापमापीचा पारा चढला होता. 1910 मध्ये रॉबर्ट वुड यांनी अवरक्त छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी होती.

दुसऱ्या महायुद्धात या पांढऱ्याचे लाल झाले. कोडॅक कंपनीने तीन थरांची फिल्म काढली. तिच्यात प्रत्येक रंग एक घर सरकवलेला होता : अवरक्त लाल दिसे, तांबडा हिरवा आणि हिरवा निळा. निळ्याला घरच उरले नाही, तो पिवळ्या गाळणीने अडवला जाई. हिरव्या रंगाने रंगवलेला रणगाडा डोळ्याला झुडपासारखा वाटला, तरी त्या रंगात पानासारख्या पोकळ्या नसत. त्यामुळे जिवंत झाडी लाल उमटे आणि सोंग निळसर.

युद्धानंतर हीच फिल्म रोगट पिके ओळखायला वापरली गेली. भारतात 1970 मध्ये पी. आर. पिशारोटी यांनी केरळमधल्या नारळाच्या रोगासाठी हेलिकॉप्टरमधून अशी छायाचित्रे घेतली. या प्रयोगापासून देशातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात मानतात.

1988 हे वर्ष नागपूरसाठी महत्त्वाचे. जानेवारीत इथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, स्थापन झाले आणि 17 मार्चला बैकानूरहून आयआरएस-1ए हा उपग्रह सुटला. त्याच्या लिस-1 कॅमेऱ्याचा एक ठिपका 72.5 मीटरचा, म्हणजे सव्वा एकराहून जास्त वावर एका रंगात. फिल्म आता नव्हती, आकडे होते. ते कोणत्याही रंगात मांडता आले असते, तरी युद्धातली जुनी मांडणीच टिकली, कारण छायाचित्रे वाचणाऱ्यांची नजर तिलाच सरावली होती.

नजर मात्र स्थानिक लागते. ओलिताखालची संत्र्याची बाग भर मे महिन्यातही लाल राहते, कारण हे झाड सदाहरित आहे. साग तसा नाही. उन्हाळ्यात पेंचमधल्या सागाची पाने गळतात, लाली उडते आणि उभे जंगल चित्रात तोडल्यासारखे दिसते. म्हणून पानझडी जंगल मोजायला साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे निवडतात : ढग हटलेले असतात आणि पाने अजून झाडावर असतात.