बिलोरी हंड्या : नाव आणि निगा

देवळाच्या सभामंडपात टांगलेल्या काचेच्या हंड्या-झुंबरांस आपण सरसकट ‘बिलोरी’ म्हणतो. हा शब्द मूळचा परका नव्हे. संस्कृतातील ‘वैदूर्य’ प्राकृतात ‘वेलुरिय’ झाला, पुढे इराण-अरबस्तानात ‘बिल्लूर’ म्हणजे स्फटिक झाला आणि फारसीच्या वाटेने स्वगृही परतला.

परंतु या एका नावाखाली निरनिराळी कारागिरी झाकली जाते. बोहेमियातील लाल काचच घ्या. एका प्रकारात पांढऱ्या पारदर्शक काचेवर लाल काचेचा पदर चढवून तो चाकावर कापीत. कापलेल्या कडेस रंगाची जाडी दिसते. दुसरा प्रकार फ्रीडरिश एगरमान (१७७७–१८६४) या काचकाराने १८३२ च्या सुमारास सिद्ध केला. त्यात ताम्रयुक्त लेप देऊन काच भट्टीत भाजीत. रंग केवळ पृष्ठभागी बसतो, कडेस जाडी दिसत नाही. पहिलीस आम्ही ‘दुपदरी’ व दुसरीस ‘पुटाची’ म्हणू.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. जत्रेपूर्वी राखेने घासल्यास पुटाच्या काचेवर ओरखडे उमटून खालची पांढरी काच उघडी पडते. सोनेरी नक्षी तर झिजून नाहीशीच होते. म्हणून हंडी उतरवताच आधी तिची कड पाहावी आणि मग मऊ, ओलसर फडक्यानेच पुसावी, अशी आमची महाजनांस विनंती आहे.