घरच्या साठवणीची एक प्रत परगावी हवी

घरच्या नेटवर्कवरील साठवण अर्थात 'नॅस' म्हणजे राउटरला लॅन केबलने जोडलेली, हार्ड डिस्क असलेली पेटी. घरातील संगणक, मोबाइल व टीव्हीला तिच्यातील छायाचित्रे आणि कागदपत्रे एकाच ठिकाणी मिळतात. चार टेराबाइटच्या दोन डिस्क 'रेड-१' पद्धतीने बसविल्यास प्रत्येक फाइल दोन्हींवर लिहिली जाते. वापरायला जागा मात्र चारच टेराबाइट उरते. एक डिस्क निकामी झाली तरी माहिती वाचते. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हींवरून एकदमच जाते.

फाइल लिहिली जात असताना वीज गेल्यास साठा बिघडू शकतो. मराठवाड्यात तरी यूपीएसचा खर्च टाळू नये. यूपीएस यूएसबी केबलने जोडल्यास बॅटरी संपण्यापूर्वी पेटी स्वतःहून बंद होते. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात ती माळ्यावर किंवा बंद कपाटात नको.

बाहेरगावाहून फाइल पाहण्यासाठी राउटरचे पोर्ट थेट उघडू नयेत, 'व्हीपीएन' वापरावे. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या उपकरणांतील माहिती इंटरनेटवरून परस्पर पुसली गेली होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरेच्या घरे कोसळली. एकाच छपराखालच्या दोन प्रती अशा वेळी एकीसारख्याच. लातूरकराने सांकेतिक कुलूप घातलेली तिसरी प्रत सुट्या डिस्कवर नांदेडच्या नातलगाकडे ठेवावी, नांदेडकराने लातूरला. दिवाळीला जाणे-येणे होतेच. त्या वेळी डिस्क बदलावी आणि दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात.