ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा आणि अपिलाचा हक्क
ब्रिटनमध्ये शिकायला येऊ पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नकाराविरुद्ध अपील करण्याचा हक्क १९६९च्या इमिग्रेशन अपील कायद्याने मिळाला. त्याआधी अधिकाऱ्याचा शब्द बहुधा अखेरचा असे. एवढी सत्ता स्वतंत्र तपासणीविना एका खात्याच्या हाती राहणे गैर आहे, असे सर रॉय विल्सन यांच्या समितीने १९६७मध्ये सांगितले होते. नव्या कायद्याने आधी निवाडा अधिकारी आणि त्यावर न्यायाधिकरण, अशा दोन पायऱ्या घालून दिल्या. पुढे १९७१च्या इमिग्रेशन कायद्यानेही ही रचना कायम ठेवली.

याच सुमारास श्मिट खटला गाजला. सरकारने १९६८मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या विद्यार्थ्यांना मुदतवाढ नाकारली आणि विद्यार्थी कोर्टात गेले. ते हरले. मात्र निकाल देताना लॉर्ड डेनिंग यांनी 'न्याय्य अपेक्षे'चे तत्त्व मांडले. मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क नाही, पण मुदतीआधीच परवाना काढून घ्यायचा तर परदेशी माणसाचेही म्हणणे ऐकले पाहिजे, असे त्यांनी म्हटले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व पुढे स्वीकारले. हरलेल्या विद्यार्थ्यांच्या खटल्याने कायद्याला दिलेली ही देणगी मोठी आहे.

अपिलाचा हक्क मात्र टप्प्याटप्प्याने आटत गेला. सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्यांचे आणि अजून कुठे प्रवेश न मिळालेल्यांचे अपील १९९३च्या कायद्याने बंद झाले. २००९मध्ये विद्यार्थ्यांसाठी गुणाधारित पद्धत आली, तेव्हा परदेशातून अर्ज करणाऱ्या बाकीच्यांचेही गेले. त्याऐवजी मिळाले प्रशासकीय पुनरावलोकन, म्हणजे त्याच खात्यातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने केलेली फेरतपासणी. याला अपील म्हणता येत नाही. २०१४च्या कायद्याने देशात असलेल्या विद्यार्थ्यांचाही हक्क काढला. मानवी हक्क आणि आश्रय यांवरचीच अपिले उरली.

याची किंमत इंग्रजी परीक्षेच्या प्रकरणात दिसली. २०१४मध्ये बीबीसीने व्हिसासाठी दिल्या जाणाऱ्या 'टोइक' परीक्षेतले गैरप्रकार उघड केले. त्यानंतर सुमारे ३४,००० निकाल अवैध आणि २२,०००हून अधिक संशयास्पद ठरले. गैरप्रकार खरे होते, पण निर्दोष विद्यार्थीही त्यात भरडले गेले. भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या अनेकांना आधी देश सोडा, मग अपील करा, असे सांगण्यात आले. परदेशातून साक्ष देण्याची सोय नसेल तर असे अपील पुरेसा उपाय ठरत नाही, हे अपील न्यायालयाने २०१७मध्ये मान्य केले.

आज भारतातून अर्ज करणाऱ्याला नकार मिळाल्यास २८ दिवसांत पुनरावलोकन मागावे लागते. त्यानंतर उरते ते न्यायालयीन पुनर्विलोकन. त्यात निर्णय कायद्याला धरून होता की नाही, एवढेच पाहिले जाते. निर्णय रद्द झाला तरी अर्ज पुन्हा गृहखात्याकडेच जातो. पुनरावलोकनात सहसा नवी कागदपत्रे घेत नाहीत. म्हणून विद्यार्थ्याने बँकेचे दाखले आणि प्रवेशाची कागदपत्रे मूळ अर्जासोबतच पूर्ण जोडावीत.