रेघांवर टाकलेले फासे

1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रांची सोंगं घेऊन टेबलावर खेळायचा खेळ आला, तेव्हा नकाशा म्हणजे भुयारांचाच नकाशा. गोष्ट चालवणारा, म्हणजे गेम मास्टर, सांगणार, "डावीकडे तीस फुटांचा बोळ, टोकाला दार," आणि खेळाडूंपैकी एकजण आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत तो बोळ उतरवून घेणार. दार, सापळा, राक्षस यांना कागदावर जागा होती. कोण कोणाचा भाऊ, कोण कोणावर जळतो, हे मात्र बोलण्या-बोलण्यात आलं तर आलं.

माणसांचा नकाशा काढायची युक्ती तोवर जुनी झाली होती. न्यूयॉर्क राज्यात हडसन इथल्या मुलींच्या सुधारगृहातून 1932 साली दोन आठवड्यांत चौदा मुली पळाल्या. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी कोणत्या मुलीला कोणाचा सहवास हवा आणि कोणाचा नको हे विचारलं आणि उत्तरं रेघांनी कागदावर मांडली. पळण्याचं कारण एकेकीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या जाळ्यातल्या तिच्या जागेत शोधावं, असं त्यांचं म्हणणं होतं. 1933 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही या आकृत्यांची दखल घेतली. याच मोरेनोंनी सोंग घेऊन मन मोकळं करण्याची 'सायकोड्रामा' ही उपचारपद्धतीही रुजवली. नकाशा आणि सोंग एकाच माणसाच्या हाती होते. खेळाच्या टेबलावर मात्र ते एकत्र यायला बरीच दशकं गेली.

वाट मोकळी झाली ती व्हॅम्पायरांमुळे. 1991 सालचा 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा खेळ भुयारं सोडून शहरात शिरला, आणि शहरात लढाईपेक्षा कारस्थानं जास्त. इथे रक्त पाजून ज्याला व्हॅम्पायर केलं तो आपला वंशज, म्हणजे वंशावळ आपसूकच आली. या खेळाच्या शिकागोवरच्या पुस्तकात अशा पिढ्या मांडून दिल्या. पण तो माल गोष्ट चालवणाऱ्यासाठी. खेळाडूंनी तो पाहायचा नाही.

पेशाने जीवशास्त्रज्ञ असलेल्या रॉन एडवर्ड्स यांनी नात्यांच्या अशा तक्त्याला शिस्त लावली. आपल्या 'सॉर्सरर' या खेळासाठी 2002 साली लिहिलेल्या 'द सॉर्सरर्स सोल' या पुरवणीत त्यांनी सरळ कृती दिली: एखादी गुप्तहेर कादंबरी घ्यायची, घटना बाजूला ठेवायच्या आणि फक्त रक्ताच्या आणि शरीरसंबंधांच्या रेघा कागदावर ठेवायच्या. मग नावं बदला, काळ बदला, गोष्ट तयार. धंद्यातली भागीदारी, मैत्री, शेजार यांना मज्जाव. हा कंजूसपणाच त्या पद्धतीचं बळ. सगळ्याच ओळखीपाळखी जोडल्या तर कागदावर नुसतं कोळिष्टक होतं, आणि खून कोणत्या रेघेवर पडणार ते कळत नाही.

तरीही ही सगळी गेम मास्टरची तयारी होती; खेळाडूंच्या हाती खडू आला तो पुढच्या दशकाच्या उंबरठ्यावर. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या 2009 सालच्या 'फियास्को'त गेम मास्टरच नाही. कोएन बंधूंच्या सिनेमांसारखी, हाव मोठी आणि अक्कल कमी असलेली माणसं यात फसत जातात. माणशी दोन काळे, दोन पांढरे असे फासे एकदम टाकायचे आणि पडलेल्या आकड्यांनुसार यादीतून नाती निवडायची. प्रत्येकाचं नातं डावीकडच्या आणि उजवीकडच्या गड्याशी. म्हणजे टेबलाभोवतीची बैठक हाच नकाशा! सोबत गरज, जागा किंवा वस्तू चिकटली की दोन शेजाऱ्यांमध्ये भांडणाचं निमित्त तयार.

2010 सालच्या 'स्मॉलविल' या खेळाने याहून मोठी उडी मारली. सुपरमॅनच्या तरुणपणावरच्या मालिकेतून आलेला हा खेळ, पण त्याचा जीव उडण्यात नाही, नात्यांत आहे. मोठ्या कागदाभोवती सगळे बसतात. नायकासाठी चौकोन, इतर माणसांसाठी वर्तुळं, ठिकाणांसाठी तिरके चौकोन. बाण ओढायचे आणि टप्प्याटप्प्याने नवी माणसं जोडत जायचं. शेवटी त्या नात्यांनाच फासे मिळतात. समजा क्लार्कच्या, म्हणजे तरुण सुपरमॅनच्या, कागदावर त्याचा वाट चुकत चाललेला मित्र लेक्स याच्यासमोर 'तो अजून सुधारू शकतो' असं लिहिलं आहे आणि शेजारी आठ बाजूंचा फासा. लेक्सवर विसंबून काही करताना क्लार्क कर्तव्य, प्रेम, सत्य अशा एखाद्या मूल्याचा फासा आणि नात्याचा फासा असे दोन्ही टाकतो. त्या वाक्यावरचा विश्वासच उडाला तर एकाऐवजी तीन फासे मिळतात; पण त्या भागापुरता तो फासा एक पायरी उतरतो. मन बदलण्यात बळ आहे आणि त्याची किंमतही आहे. नातं इथे तलवारीइतकंच हत्यार झालं. या खेळांच्या कुळातला खरा वळणबिंदू हाच. आधीचे नकाशे गोष्ट सुचवत होते, हा निकाल ठरवतो.

रॉबिन लॉज यांच्या 2013 सालच्या 'हिलफोक' या खेळात वजन फाशांवरून बोलण्यावर गेलं. खेळाडू मिळून आपल्या पात्रांच्या टोळीतल्या नात्यांचा नकाशा काढतात आणि प्रत्येकजण सांगतो, मला तुझ्याकडून काय हवं आहे. ते का मिळणार नाही, हे समोरचा ठरवतो. दृश्यात ज्याचं मागणं फेटाळलं जातं, त्याच्या पदरात नाट्याचं टोकन पडतं.

2018 साली 'व्हॅम्पायर'ची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात खेळ सुरू होण्याआधी पात्रांच्या नात्यांचा नकाशा सगळ्यांनी एकत्र काढावा, अशी सोय आहे. ज्याच्याकडे खेळाडूंनी पूर्वी डोकवायचंही नव्हतं, त्या कागदावर आता पेन्सिली त्यांच्याच फिरतात.