अज्ञात आईचा अंगठा

आज लढाई नाही, नकाशा नाही. आज एका कागदाची गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नोएडाच्या सोसायटीत शेजाऱ्यांकडे युरोपातून एक बाई आल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, चेहरा अगदी आपल्याकडचा, पण मराठीचा एक शब्द येत नाही. तान्ह्या असताना महाराष्ट्रातून दत्तक गेलेल्या. "कर्नलसाहेब मराठी आहेत," म्हणून शेजारी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. टाइप केलेल्या इंग्रजी कागदावर लिहिलं होतं, आई अज्ञात. सोबतच्या मराठी चिठ्ठीखाली मात्र शाईचा ठसा आणि शेजारी अक्षरं, 'नि. डा. हा. अंगठा'. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. आई अज्ञात, तर मग हा अंगठा कुणाचा?

सैन्यात एक ब्लँकेट इकडचं तिकडे गेलं तरी व्हाउचर लागतं. इथे जिवंत मूल देशाबाहेर गेलं होतं.

हे कसं चालायचं ते समजून घ्या. 1956 चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी. परदेशी जोडपी मग 1890 च्या पालकत्व कायद्याखाली कोर्टातून पालक व्हायची, मूल घेऊन जायची आणि खरं दत्तकविधान तिकडे करायची. सर्वांना लागू होईल असं विधेयक 1972 मध्ये संसदेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. 1982 मध्ये वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली. 6 फेब्रुवारी 1984 ला न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. आधी भारतीय घर शोधा, मुलांचा व्यापार होऊ देऊ नका. मला सर्वांत मोलाची वाटते ती अट अशी : जन्माआधी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत आईकडून मूल देण्याचा निर्णय घेऊच नये. ओल्या बाळंतिणीचा अंगठा घेणं किती सोपं असतं, हे न्यायालयाने ओळखलं होतं.

1990 मध्ये दिल्लीत 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली, 2003 मध्ये भारताने हेग करार मंजूर केला. तरीही 2010 मध्ये पुण्याच्या प्रीत मंदिर प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाला सीबीआय तपासाचा आदेश द्यावा लागला.

तिकडे नेदरलँड्सने 1967 ते 1998 मधल्या परदेशी दत्तकांची सरकारी चौकशी केली. फेब्रुवारी 2021 मध्ये अहवाल आला आणि सरकारने माफी मागून नवी प्रकरणं तिथेच थांबवली. त्या चौकशीतल्या पाच देशांत भारत नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक आणि थुरगाउ या प्रांतांनी मात्र भारतातून आलेल्या मुलांच्याच फायली संशोधकांकडून तपासून घेतल्या. आईची संमती हाच तिथलाही प्रश्न.

घेणारे देश जुनी कपाटं उघडत असतील, तर देणाऱ्यानेही उघडावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगली घरं मिळालेली मुलं पुष्कळ आहेत, हे मान्य. पण संमतीचा प्रश्न त्याने मिटत नाही.

अठरा वर्षांनंतर आपलं मूळ शोधायची सोय नियमांत आहे, पण जन्मदात्यांच्या खासगीपणालाही संरक्षण आहे. बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आईने भेटायला नाही म्हटलं तरी चालेल, तिला कुणी विचारलं होतं का, एवढंच हवंय. मी चिठ्ठीचा ओळीनओळ इंग्रजी तर्जुमा करून दिला. अंगठ्यापुढे नाव नव्हतंच.